अप्पांचा उजवा हात आणि वडवणीचं गेट

"गेट कुणी लावलं बे? अरे, गेट कुणी लावलं!"

महेशशेठ इतक्या जोरानं ओरडले की समोरच्या टपरीवर चहा पिणारे तिघं ग्लास हातात धरूनच उभे राहिले. चौदा फुटी सरकतं गेट गुरगुरत निघालं होतं आणि त्याच्यापुढं उभा माणक्या – लाल कंधारी बैल, अंगानं एवढा की त्याच्या सावलीत एखादं लहानसं लग्न लागावं. गेट त्याच्या नाकापुढून चार बोटांवरून गेलं आणि खट्ट करून बसलं. बैल आत. दावं धरून ओढणारा बाबू दलाल बाहेर रस्त्यावर. आणि दाव्याचा मधला भाग गेटात अडकलेला.

"नारायण!" महेशशेठ माझ्याकडं वळले. "तुझं हे यंत्र आवर, न्हाई तर उचलून घेऊन जा. बैल इकलाय मी. बैल बाहेर गेला पायजे."

मी पायरीवर बसलो होतो. पाठ भरून आली होती. दोन महिन्यांतली माझी वडवणीची ती नववी फेरी... बीडहून मोटारसायकलवर, उन्हात, तेही फुकट, कारण सर्व्हिस वर्षभर मोफत असं मीच छातीवर हात ठेवून बोलून बसलेलो.

आता सगळं सांगतो. पण आधी माझ्याबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण इथं ग्रुपवर पिंपळावरचं, विहिरीतलं, घाटातल्या वळणावरच्या बाईचं लिहितात. मी ते वाचतो, हसतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांना आणखी दोन भुतं घालून सांगतो. मी वायरिंगचा माणूस. करंट आहे किंवा करंट नाही, याच्यापलीकडं मी कशावर विश्वास ठेवलेला नाही. थापा मारतो, ते कबूल. मी बसवलेला इन्व्हर्टर बॅटरीशिवाय तीन दिवस चालला, असं मी निम्म्या तालुक्याला पटवलेलं आहे. म्हणूनच ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगून उपयोग काय? लोक म्हणतील, नारायण आता बैलावर आला.

महेशशेठांचं खत-बियाणांचं दुकान आहे. त्यांनी बीड रस्त्याला नवा बंगला बांधला आणि पुण्यातल्या मेव्हण्याकडं बघून आले – हात हलवला की दिवा, हात फिरवला की पंखा. "आपल्याला बी तसंच पायजे." मी म्हटलं, शेठ, बसवतो. असलं काम मी त्याआधी एकदाही केलेलं नव्हतं. त्यांना मात्र सांगितलं, तुमचं बारावं घर.

हॉलमध्ये एक सेन्सर, पोर्चमध्ये एक. हात आडवा फिरवला की गेट उघडायचं, मूठ आवळली की बंद. कंपनीचं नाव घेत नाही. डोळा मात्र इतका तिखट की वडवणीच्या बाजारात कुणी नाक खाजवलं असतं तर बंगल्यातला गिझर तापला असता.

आणि तापलाच! पहिल्याच आठवड्यात काकूंनी – म्हणजे महेशशेठांच्या आईनं – नातवाची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या मुठीत घेऊन सात वेळा ओवाळलं, मग कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. गिझर सुरू, एसी सुरू, टीव्ही सुरू, हॉलचे दिवे लागले-विझले. पोरगं दृष्टीनं नाही, दिव्यांनी रडायला लागलं. मग घाटनांदूरचे व्याही आले. त्यांना हात न हलवता बोलता येत नाही आणि विषय निघाला राजकारणाचा. पोर्चमध्ये बसून पंधरा मिनिटं बोलले. तेवढ्यात गेट सतरा वेळा उघडलं आणि दोन शेळ्या अन् एक विमा एजंट आत आला. शेळ्या तरी लवकर गेल्या.

फोन आला की मी निघायचो. आधी यंत्राला 'जागं करायची खूण' लावली – पंजा दोन सेकंद स्थिर धरा, मगच पुढची खूण चालेल. तर घरातल्या आजारी अप्पांची तब्येत विचारायला येणारा प्रत्येक जण काकूंच्या पाया पडणार आणि काकू पंजा उचलून आशीर्वाद देणार, तेही चांगला दहा सेकंदांचा. यंत्र जागंच! मग चौकट ठरवली. पोर्चच्या फरशीवर खडूनं रेघ मारली. रेघेच्या आत जो उभा, त्याचाच हात मोजायचा. बाहेरच्यानं तिथं कथकली केली तरी यंत्रानं ढुंकून बघायचं नाही. त्यानं बरंच थांबलं. तरी व्याही आले की खुर्ची ओढत रेघेच्या आत यायचेच.

शेवटचा उपाय – हातांची नोंद. घरच्यांचे हात यंत्राला ओळखीचे करून द्यायचे, बाकीचे हात त्याच्यासाठी हवा.

आता अप्पांबद्दल सांगायलाच पाहिजे. गुरुलिंगअप्पा म्हणजे महेशशेठांचे वडील. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, खांद्यावर टॉवेल. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. ज्यांनी तो बाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो – बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. दोघं समोरासमोर उभे राहतात, हातावर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावर भाव. वर चेहरा असा की जणू दोघं पावसाची वाट बघतायत. अप्पांच्या उजव्या हाताची ख्याती होती. लोक म्हणायचे, अप्पांनी बोट दाबलं की बैलाला पण कळायचं आपण कुठं चाललो.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात नुसता लटकता – सैल, गार, बोटं उघडी. काकू रोज त्याला तेल चोळायच्या, मांडीवर ठेवायच्या आणि वर टॉवेल टाकायच्या, माशा बसू नयेत म्हणून. अप्पा पोर्चमध्ये खुर्चीत बसून गोठ्याकडं बघायचे. गोठ्यात एकटा माणक्या. त्याचा जोडीदार मागच्या वर्षी गेला. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून माणक्याला काम नव्हतं. त्याचं काम एकच – अप्पांनी बघितलं की मान वर करायची.

तर नोंदीच्या दिवशी महेशशेठांचे हात झाले, सूनबाईंचे झाले, काकूंचे झाले. अप्पांचा डावा झाला. यंत्र उजवा मागायला लागलं. मी ते बटण दाबून पुढं जाणार, तर काकू म्हणाल्या, "कावून? उजवा ठिवायचा न्हाई का?"

"काकू, तो चालत न्हाई ना..."

"चालत नसला तरी त्यांचाच हाय."

आणि त्यांनी अप्पांच्या मांडीवरचा टॉवेल काढला, तो हात आपल्या दोन्ही हातांनी उचलला आणि सेन्सरपुढं धरला. यंत्र म्हणालं, पंजा दाखवा. काकूंनी एकेक बोट सरळ केलं. यंत्र म्हणालं, मूठ. काकूंनी एकेक बोट मिटलं आणि आपला पंजा यंत्राला दिसू नये म्हणून मूठ मागून, मनगटाजवळून दाबून धरली. अप्पा हाताकडं बघत होते... दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. यंत्रानं टुंग केलं: 'उजवा हात नोंदला.' मी नाव टाकलं – अप्पा.

एवढीच माझी चूक. चूक म्हणायची का, ते तुम्ही ठरवा.

त्यानंतर तीन आठवडे ते घर शहाण्यासारखं वागलं. मग महेशशेठांनी बैल विकायचं काढलं. गोठा पाडून तिथं गाडीला शेड करायचं होतं. बाबू दलाल दिंद्रुडचा, पन्नाशीचा. बैलाची दलाली त्यानं अप्पांच्याच हाताखाली शिकलेली. स्वतःच्या शेतासाठीच तो माणक्याला घेत होता, म्हणजे बैल चांगल्या घरी जाणार होता. महेशशेठांना टॉवेलाखालचा भाव करता येत नाही, बाबूनं हसत हसत त्यांची बोटं धरून करून घेतला. काकू बैलाचे पाय धुवायला तांब्या आणि हळद-कुंकवाचं ताट घेऊन गेटाबाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथं का होतो? तर हॉलचा पंखा आपोआप चालतो, या तक्रारीवर. तो पंखा चालत नव्हता, खिडकीतून वारं येत होतं. पण आलोच होतो, तर चहा चालू होता.

आणि गेट लागलं.

मी मोबाइल काढला. कुणाच्या खुणेवर काय केलं, याची नोंद यंत्र ठेवतं. लिहिलं होतं – गेट बंद. मूठ. अप्पा, उजवा हात.

मी अप्पांकडं बघितलं. डाव्या हातात बशी, बशीत चहा. उजवा टॉवेलाखाली. टॉवेल जसाच्या तसा. मी मनात म्हटलं, यंत्र डावं-उजवं विसरलं. डाव्याची हालचाल उजव्याच्या नावावर टाकली. होतं असं.

"काय झालं?" महेशशेठ.

"काय न्हाई शेठ. अप्पांची खुर्ची रेघेच्या आत आलीय. जरा मागं घेऊ."

आम्ही दोघांनी खुर्ची उचलून खांबाच्या मागं ठेवली. आता सेन्सरला अप्पा दिसणंच शक्य नव्हतं. मध्ये खांब, तोही महेशशेठांच्या कंत्राटदारानं बांधलेला – भिंतीपेक्षा जाड. महेशशेठांनी हात फिरवून गेट उघडलं. बाबूनं दावं ओढलं. माणक्या चार पावलं चालला.

गेट निघालं. गुर्रर्र... खट्ट.

"अरे काय चाललंय बे!" आता बाबू ओरडला. टपरीवरचे तिघं रस्ता ओलांडून आले होते. त्यातला एक म्हणाला, "बॅटरी उतरली आसंल." गेटाला बॅटरी नाही. पण वडवणीत कुठल्याही बिघाडावर एक तज्ज्ञ उभाच असतो.

नोंद: मूठ. अप्पा, उजवा हात.

मला घाम आला. ऊन होतं म्हणा. गेटाचा जादा रिमोट महेशशेठांच्या खिशात होता, तो मागून त्याच्यातला सेल काढला. मग मोबाइलमध्ये गेलो आणि अप्पांचे दोन्ही हात यादीतून काढून टाकले. यंत्रानं विचारलं, नक्की? मी 'हो' दाबलं. 'अप्पा – नोंद काढली.' शिवाय काकूंनी वाळत घातलेलं फडकं दुहेरी करून सेन्सरच्या डोळ्यावर बांधलं. गेट मोबाइलवरून उघडलं. आता त्या पोर्चमध्ये साक्षात चार हातांचा देव उतरला असता, तरी यंत्राला पत्ता लागला नसता.

"घ्या बैल," मी म्हटलं. आवाज जरा चढाच निघाला.

बाबूनं दावं ओढलं. माणक्या निघाला. पहिला खूर गेटाच्या पट्टीपर्यंत आला... आणि गेट निघालं.

टपरीवरचे तिघं दोन पावलं मागं सरले.

मोबाइलकडं बघायची माझी इच्छा नव्हती. बघितला. मूठ. अप्पा, उजवा हात. वर, त्याच पडद्यावर, यादीत अप्पा नावाचं कुणी नव्हतं.

खरं सांगतो, माझा पहिला संशय काकूंवर गेला होता. टॉवेलाखाली त्यांनीच हात दाबला असेल, नवरा-बायकोचं काहीतरी असेल. पण काकू पहिल्यापासून बाहेर रस्त्यावर होत्या. ताटातलं कुंकू वाऱ्यानं उडून त्यांच्या पदरावर पडलं होतं. गेटाच्या गजातून त्या आत बघत होत्या. माझ्याकडं नाही, बैलाकडं नाही... खुर्चीकडं.

महेशशेठ थकलेल्या आवाजात म्हणाले, "नारायण, गेटाच्या मोटारीची किल्ली आण. मोटार सोडव. हातानं ढकलू गेट. इकलाय म्हणल्यावर इकलाय. लोकांपुढं तमाशा कशाला."

मी उठलो. मोटार सुटली की मग गेट लोखंडच, कुणाची मूठ काय करणार! पाच मिनिटांचं काम. अवजारांची पेटी उघडली तेवढ्यात बाबू बाहेरून म्हणाला, "थांब बे."

तो गेटाशेजारच्या छोट्या दारातनं आत आला. चपला पायरीखाली काढल्या. खांबामागं जाऊन अप्पांपुढं उकिडवा बसला.

"शेठ," तो महेशशेठांना म्हणाला, पण बघत होता अप्पांकडं. "चूक माजी हाय. बैल अप्पांचा. मी हात धरला तुमचा."

"अरे, त्यांना काय कळतंय आता..."

"आसंल. पर मी त्यांच्याच हातानं शिकलोय."

आणि बाबूनं आपला उजवा हात अप्पांच्या टॉवेलाखाली घातला.

मी तीन फुटांवर होतो, हातात पाना. मी लांबवून सांगणारा माणूस आहे, पण इथं लांबवत नाही. चार-पाच मिनिटं गेली असतील. टॉवेल हलत होता. हलणारच, खाली बाबूचा हात होता. अप्पांचा चेहरा नेहमीसारखा, तोंडाचा उजवा कोपरा उतरलेला, डाव्या डोळ्यातून पाणी, ते तर रोजच यायचं. बघण्यासारखा चेहरा होता बाबूचा. तीस वर्षं बाजारात काढलेला माणूस, ज्याच्या तोंडावरची माशी हलत नाही, त्याच्या कपाळावर घाम फुटला. एकदा त्यानं मान हलवली, जणू कुणाला तरी 'बरं, आणखी थोडं' म्हणतोय. मग गप्प. मग पुन्हा. मग त्यानं डोळे मिटले.

हात बाहेर काढला. तो हात दुसऱ्या हातानं चोळत उभा राहिला. वाकून अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"काय झालं?" महेशशेठ म्हणाले. "भाव कमी करायचा का? करतो की. सांग ना."

"सौदा न्हाई, शेठ."

"न्हाई म्हणजे?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

माणक्याच्या गळ्यातलं आपलं दावं त्यानं सोडलं, खांद्यावर टाकलं. बैल आपणच वळला आणि गोठ्याकडं गेला. मी मोबाइलवरून गेट उघडलं. ते उघडं राहिलं. बाबू त्यातून बाहेर गेला, काकूंच्या शेजारून जाताना थांबला. काकूंनी ताटातलं कुंकू बोटानं घेऊन त्याच्याच कपाळाला लावलं. आणायचं ते आणलंच होतं, वाया कशाला घालवायचं, असं त्यांच्या तोंडावर होतं.

महेशशेठ पायरीवर माझ्या शेजारी बसले. गोठ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शेड तिकडं मागं केलं तर चालंल का रे? गाडी वळंल का?"

मी म्हटलं, वळेल.

टॉवेल मी उचलून बघितला का? बघितला. काकू आत ताट ठेवायला गेल्या तेव्हा. हात तसाच – सैल, गार, बोटं उघडी. मी मूठ मिटायचा प्रयत्न केला, बोटं सुटून पडली. अप्पा माझ्याकडं बघत होते. मी टॉवेल पुन्हा नीट टाकला.

कंपनीला फोन केला. बाई म्हणाल्या, सर, डिव्हाइस रीस्टार्ट करून बघा. मी म्हटलं, झाकलेल्या डोळ्याला, काढून टाकलेला हात दिसला. त्या म्हणाल्या, सर, आमच्याकडं तुमच्या त्या खात्यात अप्पा नावाचे वापरकर्ते दिसत नाहीत. मी म्हटलं, हो ना ताई, तेच. त्या म्हणाल्या, आणखी काही मदत करू का? माझ्याकडं स्क्रीनशॉट आहे. पण मागं एकदा मी माझ्या दुकानापुढं बिबट्या बसलेला फोटो बनवून गावभर पाठवला होता, तेव्हा माझ्या स्क्रीनशॉटला वडवणीत काय, बीडमध्येही किंमत नाही.

तो सेन्सर पुढच्या आठवड्यात मी काढला. गेटाला आता साधी कडी आहे. गोठा आहे, माणक्या आहे. अप्पाही आहेत, तसेच. हातवारे ओळखणारी यंत्रं मी बसवायची सोडली. कुणी विचारलं तर म्हणतो, रिमोट घ्या, रिमोट बरा. भुताला भिऊन नाही. दमलो म्हणून. मला आता बटण पाहिजे, दाबलं की लागणारं आणि न दाबता न लागणारं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. दोन महिन्यांनी दिंद्रुडला कॅमेरे बसवायचं काम निघालं. काम संपल्यावर मुद्दाम बाबूचं घर विचारत गेलतो. ओसरीवर बसून तो दावं वळत होता. पाणी दिलं, चहा सांगितला. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, अगदी थेट, एवढ्या लांब आलोच होतो म्हणून –

"बाबूभाऊ, खरं सांगा. अप्पांचा हात हालला का?"

बाबूनं दाव्याला पीळ दिला, ओढून बघितलं, आणि म्हणाला, "टावेलाखालचं भाईर सांगायचं नसतंय."